आधी पाणी तपासा, रक्ताचं नंतर बघू

वाचकाचं पत्र (संक्षिप्त): नमस्कार. मी इंदूरमधल्या एका छोट्या सामाजिक संस्थेत काम करते. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कामाच्या वस्तीशेजारी रसायनांच्या गोदामाला आग लागली. दमकलवाल्यांनी मारलेलं सगळं पाणी नाल्यात उतरलं. चार महिने झाले, तरी बोरिंगच्या पाण्याला थिनरसारखा वास येतो. लोकांना खाज, डोळ्यांची जळजळ, डोकेदुखी असं काहीबाही सुरूच आहे. निगमचा टँकर एक दिवसाआड येतो. घरं 180. एक खासगी लॅब 60 जणांचं 'फुल बॉडी चेकअप' सवलतीत करून द्यायला तयार आहे. आमचे सल्लागार, एक निवृत्त प्राध्यापक, म्हणतात की नमुने आधी गोळा करा, एथिक्स कमिटीची परवानगी मागाहून काढू, पेपरही होईल. येणाऱ्या प्रत्येकाला राशन किट द्यायचा विचार आहे. गोदामाच्या मालकांनी खर्चाचा काही भाग उचलायची तयारी दाखवली आहे. पण दोन कॉलेजांची मुलं आधीच फॉर्म भरून गेलीत, आणि परवा एका बाईनं मला तोंडावर विचारलं, "दीदी, खून तो ले जाओगी, रिपोर्ट कौन देगा?" मला उत्तर सुचलं नाही. आम्ही काय करावं? — एक वाचक, इंदूर

उत्तर:

ताई, लॅबला तारीख दिली असेल तर ती आधी रद्द करा. बाकीचं सावकाश ठरवता येईल.

'फुल बॉडी' पॅकेजमध्ये असतं काय? हिमोग्राम, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या नेहमीच्या चाचण्या, फार तर व्हिटॅमिन डी. यातली एकही चाचणी थिनर शोधत नाही. टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावकं रक्तात मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ हे खास यंत्र लागतं, आणि ती रक्तातून काही तासांत, फार तर काही दिवसांत निघून जातात. आगीच्या वेळी शरीरात काय गेलं ते आज चार महिन्यांनी रक्तात सापडणार नाही. सापडलंच तर ते काल-परवाच्या पाण्याचं किंवा कोणी रंगकाम करत असेल तर त्या कामाचं. प्रत्येक विषाची मुदत वेगळी असते. शिसं रक्तात साधारण महिन्याभरात निम्मं होतं, त्यामुळे ते काही महिने तरी दिसतं. आर्सेनिक लघवीत थोडेच दिवस दिसतं. काही कीटकनाशकांनी दबलेलं कोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) लाल पेशींत पूर्ववत व्हायला तीन-चार महिने घेतं. गोदामात नेमकं काय होतं हे कळल्याशिवाय कोणती चाचणी करायची आणि तिची वेळ टळून गेली आहे का, हे ठरवताच येत नाही.

वरून या पॅकेजचा स्वतःचा एक उपद्रव आहे. लॅबची 'नॉर्मल' मर्यादा अशी आखलेली असते की 100 निरोगी माणसांतल्या 95 जणांचे आकडे तिच्यात बसावेत. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाच्या कागदावरही निदान एक आकडा ठळक छापून येण्याची शक्यता 64 टक्के असते. आधीच धास्तावलेल्या वस्तीत असे 60 कागद वाटले की लोक ते घेऊन गल्लीतल्या डॉक्टरकडे धावतील, खिशातले पैसे घालतील, आणि पाण्याबद्दल कळलेलं असेल शून्य. फुकुशिमात 2011 नंतर सुमारे तीन लाख मुलांच्या थायरॉइडची सोनोग्राफी झाली. हेतू चांगलाच होता. पण इतक्या बारकाईनं पाहिल्यावर जे कधी त्रासदायक ठरलं नसतं तेही सापडलं का, हा वाद आजही मिटलेला नाही. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नेमलेल्या तज्ज्ञगटानं अणुअपघातानंतर सरसकट थायरॉइड तपासणी करू नका, असाच सल्ला दिला.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या तपासणीतून उत्तर मिळणारच नाही, तिच्यासाठी त्रासलेल्या माणसाच्या दंडाला सुई लावणं मुळातच गैर आहे. संमतीपत्र कितीही सुबक छापलं तरी त्यात फरक पडत नाही.

मग सुरुवात कुठून? पाण्यापासून. पाण्याला वेदना होत नाहीत, आणि दोष सापडला तर उपाय लगेच मागता येतो. जिल्हाधिकारी कार्यालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करून गोदामातल्या साठ्याची यादी मागा. ती हातात आली की कोणत्या बोरिंगमध्ये काय शोधायचं ते ठरेल. नाल्याच्या दोन्ही काठांवरची मिळून आठ-दहा बोरिंगं निवडा, त्यात दोन आगीच्या जागेच्या वरच्या अंगाची असू द्या. द्रावकांसाठी 40 मिलीची काचेची कुपी लागते. ती काठोकाठ भरून झाकण लावायचं आणि उलटी करून बघायचं. आत एक बुडबुडा दिसला तरी नमुना बाद, कारण द्रावक उडून त्या हवेत जातं. धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली आणि त्यात लॅबनंच घालून दिलेलं नायट्रिक आम्ल. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली. टँकरचं पाणी क्लोरीन घातलेलं असेल तर तिच्यात सोडियम थायोसल्फेट असलं पाहिजे, नाहीतर क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. द्रावकांचे आणि जंतूंचे नमुने बर्फात ठेवायचे, जंतूंचे त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवायचे.

लॅब निवडताना नुसतं 'एनएबीएल मान्यताप्राप्त' (एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) हे शब्द पाहू नका. तुम्हाला हवा तो घटक त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते विचारा, आणि ते कमीत कमी किती मोजू शकतात तेही विचारा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. लॅबचं यंत्र 0.05 च्या खाली मोजतच नसेल, तर 'आढळलं नाही' या शेऱ्याला काडीची किंमत नाही. असे शेरे मिरवणारे अहवाल सर्रास फिरतात.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक संस्थांना फार उशिरा कळते. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 मध्ये नमुना घेण्याची पद्धत ठरवून दिली आहे: नोटीस, नमुन्याचे दोन भाग, मोहोर, दोन्ही बाजूंच्या सह्या. त्या पद्धतीनं मंडळानं घेतलेल्या नमुन्याला कोर्टात जे वजन असतं, ते तुम्ही भरलेल्या बाटलीला नसतं. म्हणून मंडळाला पत्र देऊन त्यांच्या माणसांसोबत, त्याच दिवशी, त्याच बोरिंगमधून तुमचा नमुना घ्या.

पाण्याचे निकाल यायला दोन-तीन आठवडे जातील. तेवढ्यात जुनी कागदपत्रं धुंडाळा. वस्तीजवळच्या सरकारी संजीवनी क्लिनिकच्या ओपीडी रजिस्टरमध्ये आगीच्या आधीच्या तीन महिन्यांत खाज, डोळे, श्वास यांचे किती रुग्ण होते आणि नंतर किती? नावं उतरवून घेऊ नका. महिना, वय, स्त्री की पुरुष, तक्रार, एवढंच पुरे, आणि तेही लेखी परवानगीनं. मागच्या वर्षीचे तेच महिनेसुद्धा बघा, पावसाळ्यात खाज तशीही वाढते. अमेरिकेत फ्लिंट शहराचं पाणी 2014 मध्ये बदललं, तेव्हा डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी नवं रक्त काढलंच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचे हॉस्पिटलात आधीच पडून असलेले शिशाचे अहवाल त्यांनी पाणी बदलण्याआधीचे आणि नंतरचे असे लावून पाहिले. शिसं वाढलेल्या मुलांचं प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 4.9 टक्क्यांवर गेलेलं निघालं, आणि पाण्याचा स्रोत परत बदलावा लागला.

यानंतर घरोघरचा सर्वेक्षण-फॉर्म. इथे 60 हा आकडा सोडून द्या. समजा शेजारच्या, त्रास नसलेल्या वस्तीत 10 टक्के लोकांना एखादी तक्रार आहे आणि तुमच्याकडे 20 टक्क्यांना. हा दुपटीचा फरक खात्रीनं पकडायला दोन्हीकडची 200-200 माणसं लागतात. एकाच घरातली बरीच माणसं घेतली तर त्याहून जास्त. तुलनेची वस्ती तशाच कमाईची, तशाच कामधंद्याची, पण नाल्याच्या वरच्या अंगाची हवी. फॉर्ममध्ये दोन-तीन अशा तक्रारी मुद्दाम घाला ज्यांचा रसायनाशी काही संबंध नाही: दातदुखी, कान ठणकणं. तुमच्या वस्तीत दातदुखीही दुप्पट निघाली, तर समजायचं की लोक सगळंच जास्त आठवून सांगताहेत. त्यात त्यांची लबाडी नसते. घाबरलेला माणूस अंगावरची प्रत्येक खूण मोजतो.

मनाच्या प्रश्नांबाबत सांभाळून. 'आगीच्या रात्री काय वाटलं' असं विचारून, उत्तर लिहून घेऊन पुढच्या घरी जायचं, हे करू नका. विचारायचंच असेल तर समुपदेशक सोबत हवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फॉर्मवरच छापलेला हवा.

आता प्राध्यापकांचा सल्ला. मागाहून परवानगी अशी काही चीज नसते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीतल्या संशोधनावर स्वतंत्र बारावा विभाग आहे. त्यात त्वरित पुनरावलोकनाची सोय आहे. परवानगी टाळायची सोय नाही. तुमच्या संस्थेची एथिक्स कमिटी नसेल तर एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नोंदणीकृत समितीकडे लेखी करार करून जाता येतं. समितीत 7 ते 15 सदस्य असतात, कोरम 5 चा, अध्यक्ष संस्थेबाहेरचा. अर्जासोबत योजना, फॉर्म, संमतीपत्र हिंदीतून जोडा, आणि सापडलेल्या रुग्णांचं पुढे काय करणार तेही एका पानावर लिहा. समित्या बहुतेक वेळा अडतात त्या या शेवटच्या पानावर. नियतकालिकंही परवानगीचा क्रमांक आणि तारीख मागतात. नमुन्यांची तारीख त्याआधीची असेल तर पेपरची गोष्ट तिथेच संपते, हे प्राध्यापकांना सांगून बघा. हा मुद्दा त्यांना चटकन पटेल.

शंका आली असेल की मग आत्ता आजारी असलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी कुठल्याच समितीची गरज नाही. उपचार आणि संशोधन ही दोन कामं वेगळी आहेत. उलट्या-जुलाब, श्वासाचा त्रास वाढलेला दिसला तर साथींवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा सर्वेक्षण कक्षाला आजच कळवा. ते अभ्यासासाठी अडवून ठेवणं हा गुन्हाच म्हणायचा.

ही दोन कामं एकाच मांडवात कधी करू नका. पांढरा कोट, टेबल, 'निःशुल्क जांच शिविर'चा बॅनर दिसला की समोरचा माणूस उपचारासाठी आलेला असतो, आणि तुम्ही त्याच्याकडून अभ्यासाचा नमुना घेत असता. कागदावरची सही खरी असते, समज खोटी. आपल्या भागात याची जखम जुनी आहे. औषध-चाचण्यांमध्ये गरीब रुग्णांना नीट कल्पना न देता घेतलं जातं, ही तक्रार घेऊन 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेली स्वास्थ्य अधिकार मंच ही संस्था इंदूरचीच. त्या प्रकरणातूनच चाचण्यांमध्ये संमतीचं चित्रीकरण करण्यापर्यंत नियम कडक झाले. आणि 2025 च्या जानेवारीत भोपाळच्या कार्बाइड कारखान्यातला 337 टन कचरा पीथमपूरला आला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या लोकांचा राग तुम्ही पाहिलाच असेल. हा कचरा ताशी 135, 180, 270 किलोनं जाळून पाहिला, हे आकडे न्यायालयापुढे गेले; तिथल्या भट्टीशेजारच्या तारापूर गावातल्या घरांत ते समजेल अशा भाषेत कोणी किती नेले, हा प्रश्न उरतोच. तुमच्या वस्तीतली अविश्वासाची भाषा तिथून आली आहे. ती गैरसमज म्हणून झटकू नका.

संमतीपत्र दोन पानांचं, बोलीतल्या हिंदीत. कोण करतंय, पैसा कोणाचा, काय विचारणार, काय घेणार (5 मिली म्हणजे चहाचा एक चमचा), निकाल कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या हस्ते, नको म्हटलं तर टँकर, राशन, भरपाई यातलं काहीही अडणार नाही, आणि तक्रार करायला समितीचा फोन. कागद आदल्या दिवशी घरी द्या, सही दुसऱ्या दिवशी घ्या. अंगठा असेल तर साक्षीदार तुमच्या संस्थेचा नको. पार्षदांनी 'करा' म्हटलं ती वस्तीत शिरायची परवानगी झाली. घरातल्या कोणाचीच संमती नव्हे. नवऱ्यानं मान हलवली म्हणजे बायकोची सही झाली, असंही नाही. 18 खालच्यांसाठी पालकांची सही लागते, 7 वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही विचारावं लागतं, आणि 12 च्या पुढे त्याची लेखी संमती घ्यायची.

एक वाक्य बहुतेक संमतीपत्रांत खोटं असतं: 'तुमची माहिती पूर्णपणे गुप्त राहील.' उद्या खटला उभा राहिला आणि न्यायालयानं मागितली, तर ती द्यावी लागेल. तसं लिहा. नावं-पत्ते आणि उत्तरं दोन वेगळ्या फायलींत, मधला सांकेतिक क्रमांक एकाच जबाबदार व्यक्तीकडे, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्मचा फोटो टाकायचा नाही. वस्तीतले काही जण त्याच औद्योगिक भागात कामाला असतील. कोणी काय तक्रार सांगितली ते ठेकेदारापर्यंत गेलं, तर दुसऱ्या दिवशी गेटवर काम मिळणार नाही. अहवालात वस्तीचं नाव छापायचं की नाही हे वस्तीलाच विचारा. नाव छापलं तर पाण्यासाठी जोर येतो, पण भाडेकरू जातात, मुलींची स्थळं मागे फिरतात. कोणी नाव छापा म्हणेल, कोणी नको. तो निर्णय तुमच्या टेबलावर होऊ देऊ नका.

राशन किट द्या, जरूर द्या, पण सर्वेक्षणाशी न जोडता. वेगळा दिवस, वेगळी माणसं, सगळ्या 180 घरांना. चूल अडलेल्या घरात किट समोर ठेवून सही मागणं ही संमती नव्हे. मुलाखतीसाठी कोणाची दिहाडी बुडत असेल तर बुडालेल्या तासांचे पैसे देणं योग्यच, आणि ते समितीच्या अर्जात लिहा.

पाण्यात शिसं किंवा दुसरं टिकणारं काही सापडलं, तरच रक्ताकडे वळा. तेव्हा आधी उपचाराची वाट पक्की करा. जागतिक आरोग्य संघटना रक्तात 100 मिलीला 5 मायक्रोग्रॅमपासून शिशाचा स्रोत शोधून हटवायला सांगते. मुलांत 45 च्या पुढे शिसं उतरवण्याचं औषध लागतं. एमवाय या सरकारी हॉस्पिटलात किंवा दुसऱ्या एखाद्या हॉस्पिटलात अशा मुलाला कोणता विभाग, कोणत्या दिवशी घेईल याचं पत्र तुमच्या फायलीत नसेल, तर नमुना घ्यायची वेळ आलेली नाही. वाटेत दुसरंही काही सापडतंच: 180 वर 120 रक्तदाब, गरोदर बाईचं 7 च्या खालचं हिमोग्लोबिन. त्यासाठी त्याच दिवशी रिक्षाचं भाडं आणि सोबत जाणारा माणूस लागतो. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत घाला, शेवटच्या ओळीतले पैसे नेहमी संपलेले असतात.

निकाल प्रत्येकाला बंद पाकिटात, एका पानावर: काय मोजलं, तुमचा आकडा किती, आता काय करायचं. वस्तीचे एकत्रित आकडे बैठकीत, नावांशिवाय, पेपर छापून यायची वाट न बघता. भोपाळमध्ये आयसीएमआरनं 1985 पासून हजारो लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, 1994 मध्ये ते काम गुंडाळलं, आणि पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिथे आली 2010 मध्ये. मधल्या काळात भरपाईच्या दाव्यांत बहुसंख्य लोक 'तात्पुरती इजा' या गटात गेले. आपली कायमची इजा दाखवायला ज्यांच्या हातात कागद नव्हते, त्यांचं त्यात काय झालं असेल ते सांगायला नको. म्हणून पाकिटातल्या पानावर तारीख, लॅबचं नाव आणि डॉक्टरची सही असू द्या; तो कागद दहा वर्षांनीही कामाला येतो. उरलेलं रक्त फेकणार की जपणार, हेही आधीच विचारून घ्या. इटलीत सेवेसोला 1976 मध्ये रसायन कारखान्यातल्या अपघातानंतर गोठवून ठेवलेल्या रक्तद्रवात पुढे कित्येक वर्षांनी डायॉक्सिन हे विष मोजता आलं, त्यामुळे जपण्याला अर्थ आहे, पण वेगळी सही घेऊनच.

आधी फॉर्म भरून गेलेल्या दोन कॉलेजांना पत्र लिहा आणि काय सापडलं ते मागा. तेच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायची वेळ येणार नाही, आणि वस्तीला कोणीतरी पहिल्यांदाच काही परत आणून दिल्यासारखं होईल.

गोदाममालकांचे पैसे टँकरसाठी, बोरिंग बंद करून नळजोडणी देण्यासाठी खुशाल घ्या, तेही निगममार्फत. अभ्यासासाठी घेऊ नये असं आमचं मत आहे. जपानमध्ये मिनामाताला कारखान्याच्या पाऱ्यानं लोक आजारी पडले; तिथल्या चिस्सो कंपनीच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी 1959 मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजराला घालून रोग निर्माण होतो हे सिद्ध केलं होतं, आणि कंपनीनं तो निकाल दाबला. तुमच्या संस्थेतल्या मंडळींना हे पैसे घ्यायचेच असतील तर करारात दोन वाक्यं हवीत: निकाल काहीही आला तरी संस्था तो जाहीर करेल, आणि मसुदा मालकांना मंजुरीसाठी दाखवला जाणार नाही. याला नकार आला तर चेक परत करा आणि तो नकार लेखी मागून समितीच्या फायलीत लावा. तुमची संस्था वस्तीच्या मोर्चात चालली असेल, तर तेही त्याच फायलीत आणि अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.